लग्न ठरलं, पण मंडळाच्या यादीतलं नाव फिरतंच आहे

प्रश्न (रामबाग, इंदूर): दोन वर्षांपूर्वी एका वधू-वर सूचक मंडळात मुलीचं नाव नोंदवलं. मुलगी २७ वर्षांची, पुण्यात नोकरीला. फॉर्म मीच भरला, सहीही माझी, सोबत आधारची झेरॉक्स. आता मंडळाची अख्खी यादी पीडीएफ होऊन व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते आहे. फोटो, जन्मवेळ, पगार, मोबाइल नंबर, सगळं त्यात आहे. मुलीचं लग्न ठरलंय, तरी रात्री साडेदहाला कोणी फोन करून तिची रास विचारतं. मंडळ म्हणतं, आमची खाजगी संस्था, आम्हाला कायदा लागू नाही. काय करू?

काका, मंडळाचं म्हणणं चुकीचं आहे. २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा सोसायटी, ट्रस्ट, चार जणांनी चालवलेलं मंडळ, सगळ्यांसाठी आहे. कागदी फॉर्म संगणकावर चढवला की तोही त्यात येतो. यादी एखाद्या उत्साही कार्यकर्त्याने बनवली, ही सबबसुद्धा चालणार नाही; जबाबदारी मंडळाचीच.

मात्र एक गोष्ट आधीच सांगतो. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण संस्थांवरची मुख्य बंधनं १८ महिन्यांनी, मे २०२७ मध्ये लागू होतात. या कायद्याखालच्या सरकारी डेटा संरक्षण मंडळाकडे दाद मागण्याचा रस्ता खऱ्या अर्थाने तेव्हा खुला होईल. तोवर आपलं हत्यार म्हणजे पत्र.

आणि ते पत्र तुम्ही लिहायचं नाही. मला या प्रकरणात सर्वांत जास्त खटकली ती फॉर्मवरची सही. मुलगी सज्ञान आहे. माहिती तिची, तर संमतीही तिचीच हवी होती. तुम्ही मायेपोटी केलंत, कळतं मला. पण आता तिच्या नावाने, तिच्या सहीने पत्र जाऊ दे, अध्यक्ष आणि सचिव दोघांना, स्पीड पोस्टने. माझी कोणती माहिती तुमच्याकडे आहे, कोणाकोणाला दिली, हे तिने विचारावं. लग्न जुळवण्यासाठी दिलेली माहिती, ते काम संपलंय, म्हणून नोंद पुसा आणि आधारची प्रत परत करा, असं स्पष्ट लिहावं. पुढे कुठेही आधार द्यावाच लागला तर शेवटचे चारच अंक दिसणारी मास्क्ड प्रत द्या. ती आधार देणाऱ्या युआयडीएआय या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावरून मिळते.

फोन करणाऱ्यांचा प्रश्न मात्र आजच हाताळता येतो. मुलीने प्रत्येक नंबरला एकदाच मेसेज करावा, ‘माझं लग्न ठरलं आहे, पुन्हा संपर्क करू नका.’ मेसेजचा आणि नंतरच्या कॉलचा स्क्रीनशॉट तारखेसह ठेवावा. स्पष्ट नकारानंतरही एखादा पुरुष वारंवार संपर्क साधत राहिला, तर भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ आहे, म्हणजे पाठलागाचा (स्टॉकिंगचा) गुन्हा. तक्रार पुण्यात किंवा इंदूरला, कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते; ‘आमच्या हद्दीत नाही’ म्हणून परत पाठवता येत नाही.

त्या पीडीएफची एक प्रत पुरावा म्हणून ठेवा. नातेवाइकांना ‘बघा काय चाललंय’ म्हणून पाठवू नका, त्यात इतरांच्याही मुली आहेत. त्यातली एखादी ओळखीच्या घरची असेल तर तिच्या आईवडिलांना फोन करून सांगा, म्हणजे तीही असंच पत्र लिहील.