मला मराठी बालसाहित्यावर पीएच.डी. करायची आहे, पण मार्गदर्शक म्हणतात विषय हलका आहे. खरंच तसं आहे का?

अजिबात नाही. मी याच विषयावर प्रबंध लिहिला आणि खरा घाम फुटला तो पुस्तकं मिळवताना. मोठ्यांची कादंबरी कपाटात टिकते. मुलांचं पुस्तक दहा हातांत फिरतं, पानं सुटतात आणि शेवटी रद्दीत जातं. विनायक कोंडदेव ओकांचं ‘बालबोध’ (१८८१) किंवा वा. गो. आपट्यांचं ‘आनंद’ (१९०६), या मुलांच्या मासिकांचे सगळे अंक एकाच ठिकाणी सलग मिळतील असं धरून चालू नका. मिळाले तरी बांधणी करताना मुखपृष्ठं आणि जाहिरातींची पानं बऱ्याचदा काढलेली असतात. मग अंक कुठल्या घरांत जात असेल याचा अंदाजच येत नाही. सुटा अंक दिसला की आधी त्याच्या मुखपृष्ठाची आणि मलपृष्ठाची नोंद घ्या.

माझ्या हाती आलेल्या एका खंडात शब्दकोडं पेन्सिलीनं अर्धंच सोडवलेलं होतं. उत्तर चुकलं तिथे थुंकी लावून इतकं घासलेलं, की कागदाला भोक पडलं होतं. त्या पानाशी मी बराच वेळ बसून राहिले. प्रबंधात जागोजागी ‘बालवाचक’ लिहीत होते, तो मला तिथे भेटला.

‘मराठी बालसाहित्य : एक अभ्यास’ असला ऐसपैस विषय मात्र घेऊ नका. १९६२ साली शुद्धलेखनाचे नवे नियम आले, बरेच अनुस्वार गेले. एखाद्या पुस्तकाची त्याआधीची आणि नंतरची आवृत्ती शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहा. अनुस्वार जाणारच, पण त्यांच्याबरोबर आणखी काय गेलं? एखादी शिवी, जातीचा उल्लेख, मुलाला बसलेला मार? ते कुणी काढलं, लेखकानं की प्रकाशकानं? लिहिणारा, निवडणारा, पैसे मोजणारा, सगळे मोठेच. मूल फक्त वाचतं. बालसाहित्याच्या अभ्यासक बार्बरा वॉल यांनी १९९१मध्ये केलेला भेद इथे फार उपयोगी पडतो: निवेदक मुलाशीच बोलतोय, मुलाच्या डोक्यावरून मोठ्यांशी, की दोघांशी एकदम?

कुमारवाङ्मय, म्हणजे किशोरवयीनांसाठीचं लेखन, यात मिसळू नका, तो स्वतंत्र विषय आहे. येला लेपमान यांनी १९४९मध्ये म्युनिकला उभारलेलं मुलांच्या पुस्तकांचं आंतरराष्ट्रीय ग्रंथालय अभ्यासकांना शिष्यवृत्त्या देतं, त्यांचे नियम आत्ताच वाचून ठेवा.

आणि मार्गदर्शकांशी वाद घालत बसू नका. दोन आवृत्त्यांचं ताडून पाहिलेलं एक पान त्यांच्यापुढे ठेवा.