आम्हा दोघांना आणि आईबाबांना पॅरिस, स्वित्झर्लंड, टस्कनी आणि रोम १४ रात्रींत करायचं आहे. सगळं रेल्वेने करावं की पॅरिसला गाडी भाड्याने घेऊन रोमला सोडावी?

तुम्ही दोघं आणि आईबाबा असे चौघं जाणार म्हणता, तर पॅरिसला गाडी घेऊन रोमला सोडायचा बेत आधी रद्द करा. एका देशात घेतलेली गाडी दुसऱ्या देशात परत केली की वन-वे शुल्क लागतं आणि ते कधीकधी मूळ भाड्यालाही मागे टाकतं. शिवाय पॅरिस-रोममध्ये गाडी म्हणजे निव्वळ पार्किंगचा भुर्दंड. स्वित्झर्लंडमध्ये इंटरलाकेनच्या वर वेंगेन, म्युरेन या गावांना तर गाडी जातच नाही. ती खाली लाउटरब्रुनेनला पैसे भरून उभी ठेवायची आणि आपण रेल्वे-रोपवेनेच वर जायचं. मी शहरं रेल्वेने जोडेन आणि गाडी फक्त टस्कनीत घेईन.

रात्री अशा वाटा: पॅरिस ३, इंटरलाकेन ४, टस्कनी ४, रोम ३. इटलीत सगळ्यात जास्त, ७ रात्री होतात, म्हणून (तिन्ही देशांना चालणाऱ्या) शेंगेन व्हिसाचा अर्ज इटलीकडे करायचा. विमान पॅरिसला उतरतं म्हणून फ्रान्सकडे अर्ज करणं ही नेहमीची चूक. पहिला प्रवेश कुठे, हे मुक्काम सारखे असतील तेव्हाच बघतात. विमानाचं तिकीट मल्टी-सिटी काढा, म्हणजे रोमहून पॅरिसला परत यायला नको.

पॅरिसच्या गार द लियों स्टेशनहून बासेल साधारण ३ तास, तिथून थेट रेल्वेने इंटरलाकेन ओस्ट २ तास. पुढे श्पीत्सला गाडी बदलून मिलान आणि मिलानहून वेगवान रेल्वेने टस्कनीतलं फ्लोरेन्स २ तास. मिलानला गाडी बदलायला निदान तासभर ठेवा. स्वित्झर्लंडहून येणारी गाडी उशिरा पोचली आणि पुढचं तिकीट वेगळं काढलेलं असलं, तर ते स्वस्तातलं तिकीट सहसा फुकट जातं. उन्हाळ्यात या मार्गावर रुळांची कामंही निघतात, तेव्हा नेमक्या तारखेचं वेळापत्रक बघूनच हॉटेल ठरवा.

युरोपभर रेल्वेला चालणारा युरेल पास तुम्हाला परवडणार नाही. लांबचे टप्पे मोजून चार-पाच, आणि त्यातही पॅरिस-बासेल व इटलीतल्या वेगवान गाड्यांना पास असूनही आरक्षणाचे वेगळे पैसे पडतात. सुटी तिकिटं काढा, पण व्हिसा हातात आल्यावर. सगळ्यात स्वस्त तिकिटाचे पैसे सहसा परत मिळत नाहीत. आधी काढायचंच असेल तर रद्द करता येणारं घ्या.

स्वित्झर्लंडमध्ये गणित वेगळं आहे. रोज रेल्वे, बोट, बस असं फिरणार असाल तर ४ दिवसांचा स्विस ट्रॅव्हल पास सोयीचा. मात्र युंगफ्राउयोख या बर्फातल्या उंच स्टेशनला जाताना वरच्या टप्प्यावर त्याची फक्त सवलत मिळते. तेच मुख्य आकर्षण असेल तर हाफ फेअर कार्डाने हिशोब करून बघा, त्यावर तिथेही अर्धं भाडं लागतं.

सामानाबद्दल एकच सांगतो: हमाल मिळेल असं धरू नका, मधल्या स्टेशनांवर गाडी जेमतेम दोन-तीन मिनिटं थांबते आणि डब्याला पायऱ्या असू शकतात. आईबाबांना स्वतः उचलता येईल एवढीच बॅग.

आता गाडी. शहरातल्या ऑफिसातून घेऊ नका, फ्लोरेन्सच्या विमानतळावरून घ्या. सांता मारिया नोवेल्ला स्टेशनजवळून टी-२ ट्रॅम २०-२५ मिनिटांत तिथे पोचते. शहरातून न घेण्याचं कारण झेडटीएल, म्हणजे गाड्यांना मर्यादित प्रवेश असलेला भाग. फ्लोरेन्स, सिएना अशा जुन्या शहरांच्या गाभ्यात परवानगीशिवाय गाडी नेता येत नाही. कुणी अडवत नाही, कॅमेरा नंबर टिपतो. चुकून तीनदा आत गेलात तर एकाहून जास्त दंड बसू शकतात, आणि नोटीस काही महिन्यांनी घरी येते. भाडे कंपनी तुमचा पत्ता कळवल्याचं शुल्क वेगळं कापते. लाल वर्तुळाची पाटी दिसली की वळा, मॅपवर विसंबू नका. हॉटेल आतल्या भागात असेल तर गाडीचा नंबर त्यांना नोंदवायला सांगा.

कागदपत्रं: मूळ लायसन्स आणि त्यासोबत आरटीओचं आंतरराष्ट्रीय परमिट (१ वर्ष चालतं), पासपोर्ट आणि चालवणाऱ्याच्याच नावाचं क्रेडिट कार्ड. डिपॉझिटला डेबिट कार्ड बऱ्याचदा चालत नाही आणि गाडी काउंटरवरच अडकते. ऑटोमॅटिक हवी असेल तर तशी मुद्दाम बुक करा, नाहीतर गिअरची मिळते. उजव्या बाजूने चालवताना उजव्या हाताने गिअर टाकणं हा ताप कशाला? चौघांच्या चार बॅगांना स्टेशन वॅगनच लागते. एक दिवस म्हणजे २४ तास: सकाळी १०ला घेऊन शेवटच्या दिवशी १२ला परत केली तर आणखी एका दिवसाचं भाडं.

टोलनाक्यावर पिवळ्या टेलेपास (आपल्या फास्टॅगसारख्या) रांगेत शिरू नका. आत जाताना तिकीट घ्यायचं, बाहेर पडताना पैसे. रस्त्याकडेची पांढरी पट्टी म्हणजे सहसा फुकट पार्किंग, निळी पैशांची, पिवळी राखीव. पेट्रोल पंपावर ‘गासोलिओ’ म्हणजे डिझेल! पेट्रोल हवं तर ‘बेन्झिना’. नावावर फसून भलतंच भरलं तर ते नुकसान विमा सहसा देत नाही.

घेताना चारही बाजूंचे आणि चाकांचे फोटो काढा, परत करताना टाकी भरून मीटरचा. मग त्याच ट्रॅमने स्टेशनवर या, रोम तिथून दीड तास.