बाबांचा डावा हात

"माझ्या मुलीला बापाचं काहीच वाटत नसेल का हो?"

2012 च्या पावसाळ्यात गोव्यात डिचोलीला माझ्यासमोर बसून एका आईनं हे विचारलं. असाच प्रश्न अनेक आयांनी मला विचारला आहे. बाप आजारानं गेलेला असो, अपघातात किंवा सीमेवर, आईला वाटतं की लेकरू विचारत नाही म्हणजे विसरलं. म्हणून या मायलेकींची हकीकत त्यांच्या परवानगीनं, ओळखीच्या खुणा बदलून सांगते आहे.

बाईंचं सासर कोल्हापूर जिल्ह्यातलं, चंदगडकडचं. तिकडे घराघरांतून मुलगे बेळगावला जाऊन मराठा लाइट इन्फंट्रीत भरती होतात. यांचे यजमानही तसेच गेले. 1999 च्या उन्हाळ्यात कारगिलच्या डोंगरात ते पडले, तेव्हा त्यांचं वय चोवीस. त्या लढाईत आपले 527 जवान गेले. आधीच्या युद्धांत बहुतेकांना आघाडीजवळच अग्नी दिला जाई. या वेळी तिरंग्यात लपेटलेली पार्थिवं गावोगावी आली. गर्दी लोटली, भाषणं झाली. बाईंच्या मांडीवर तीन महिन्यांची पोर होती. वर्षभरात मदतीच्या पैशावरून सासरी कुरबुर सुरू झाली आणि त्या तिलारी घाट उतरून माहेरी परतल्या, त्या इथेच राहिल्या. पैशाच्या या भांडणात कोणा एकाला दोष द्यावा असं मला वाटत नाही. दुःख वाटून घेता आलं नाही की माणसं दुसरं काहीतरी वाटायला बसतात.

त्या माझ्याकडे आल्या तेव्हा मुलगी तेरा वर्षांची होती. दर 26 जुलैला शाळेत तिला व्यासपीठावर बोलावून पुष्पगुच्छ द्यायचे. त्या वर्षी ती पोट दुखतं म्हणून घरीच राहिली आणि आई हादरली.

मी मुलीशी एकटीशी बोलले. बाबांबद्दल काय माहीत आहे, असं विचारलं. तिनं पाठांतर म्हणून दाखवावं तसं सांगितलं, "दुर्गम शिखरावर शत्रूशी लढताना त्यांनी देशासाठी प्राण अर्पण केले."

"आणखी?"

"आणखी काही नाही." बराच वेळ ती ओढणीचं टोक पिळत राहिली. मग म्हणाली, "लहानपणी विचारायचे मी. पण विचारलं की आई रडते. आजी उठून आत जाते. मग दोन दिवस घरात कोणी धड बोलत नाही. म्हणून सोडून दिलं."

सहा-सात वर्षांच्या पोरीनं घर सांभाळायला घेतलं होतं. मुलं हे फार लवकर शिकतात. उरलेल्या एका माणसाला जपायचं, तर आपला प्रश्न गिळायचा. तिला वाटत नव्हतं असं मुळीच नाही. पण भिंतीवरच्या हार घातलेल्या तसबिरीवर प्रेम करायचं तरी कसं? त्या माणसाला काय आवडायचं, तो कशाला घाबरायचा, हे कोणी सांगितलंच नव्हतं.

पलटणीतून आलेली काळी पत्र्याची पेटी पोटमाळ्यावर होती. ती मुलीसमोर उघडा, असं मी बाईंना सुचवलं. पण 26 जुलैला नको. एखादा साधा दिवस बघा. रडू आलं तर रडा, फक्त तिला सांगा की हे तुझ्यामुळे नाही, आणि तू विचारलंस ते मला बरं वाटलं.

चवथीची साफसफाई निघाली तेव्हा त्यांनी पेटी खाली घेतली. स्वेटर, दाढीचं सामान, आणि बाईंनी स्वतः नंतर त्यात ठेवलेली आंतर्देशीय पत्रं. शेवटचं पत्र तर ते गेल्याची खबर आल्यावर घरी पोचलं होतं. त्यात पराक्रमाचं काही नव्हतं. पावसाआधी कौलं परतून घ्या, म्हैस व्याली का, पोरीचे कान टोचले का, एवढंच.

मुलीचं लक्ष भलतीकडेच गेलं. प्रत्येक ओळीवरची शाई फराटली होती. तिनं स्वतःच्या डाव्या तळहाताची कड पाहिली, तिथे नेहमी शाई लागलेली असते. "बाबा डावखुरे होते?"

होते. डाव्या हातानं जेवते म्हणून आजोळची आजी तिला रोज बोलायची, आणि बाईंना तेरा वर्षांत हे सांगायचं सुचलंच नव्हतं. "मला वाटायचं, मोठं काहीतरी सांगायला हवं," त्या मला म्हणाल्या.

हा विचारच बहुतेक घरांची जीभ बांधतो. मोठं काही सांगू नका. मूल विचारेल म्हणून वाट पाहू नका. भाजी निवडता निवडता सांगा की तुझ्या बाबांना कारलं चालायचं नाही. दहावीत ते इंग्रजीत गटांगळ्या खात होते, हेही सांगा. त्यानं त्यांचा मान कमी होत नाही. आणि सत्काराला जायचं की नाही, हे मुलाला विचारा. नाही म्हणालं तर शाळेला तुम्ही कळवा, त्याला पोटदुखीचा आधार घ्यायला लावू नका.

दिवाळीनंतर बाई आल्या त्या थोड्या थकलेल्याच. आता प्रश्न संपेनात म्हणाल्या. "काल विचारते, बाबा घोरायचे का? मला आठवेचना. आमचा सहवास तो केवढा, रजेपुरता. शेवटी चंदगडला सासूबाईंना फोन लावला."

किती वर्षांनी, असं मी विचारलं.

"अकरा. तासभर बोलत होत्या. मग पोरीनंच फोन ओढून घेतला."