दोन क्लास एकमेकांत अडकले, आता काय?

प्रश्न: ताई नमस्कार, मी नागपूरला इंजिनिअरिंगच्या थर्ड इयरला आहे. काकांची कळमना मार्केटला संत्र्याची अडत आहे, त्यांच्यासाठी पायथनमध्ये हिशोबाचं सॉफ्टवेअर बनवून राहिलो. एका फाईलमध्ये शेतकरी क्लास, दुसरीत पट्टी क्लास, पट्टी म्हणजे माल विकल्यावर शेतकऱ्याला मिळते ती हिशोबाची पावती. पट्टीवर शेतकऱ्याचं नाव-गाव लागते आणि शेतकऱ्याला त्याच्या सगळ्या पट्ट्या लागतात, म्हणून दोन्ही फाईलींत वरतीच एकमेकांचं इम्पोर्ट टाकलं, तर प्रोग्राम सुरूच होत नाही, इम्पोर्टएरर येतो. मित्र म्हणे इम्पोर्ट फंक्शनच्या आत टाक, टाकलं तर चाललं पण. पण तोच म्हणतो जावात असं काही करावंच लागत नाही. मग चूक माझी का पायथनची? आंबिया बहाराचा माल सुरू व्हायच्या आत काकांना द्यायचं आहे.

उत्तर: आधी ती एररची ओळ शेवटपर्यंत वाच. पायथन 3.8 पासून त्यात ‘पार्शली इनिशियलाइज्ड मॉड्यूल’ असे शब्द येतात, म्हणजे अर्धवट तयार झालेली फाईल, आणि सगळं दुखणं तिथंच आहे. तुझी मेन फाईल शेतकरी मागते, पायथन त्या नावाचं रिकामं मॉड्यूल आधी नोंदवून ठेवतो आणि मग फाईल वरून एकेक ओळ चालवत जातो. पहिलीच ओळ म्हणते पट्टी आण. तो तिकडे जातो, तिथली पहिली ओळ म्हणते शेतकरी आण, तो नोंद बघतो, हे मॉड्यूल तर आहे, पुन्हा कशाला चालवू. पण त्यात शेतकरी क्लास कुठं आहे अजून? त्या ओळीपर्यंत तो पोचलाच नव्हता. झाला एरर.

फंक्शनच्या आत इम्पोर्ट टाकलं की ते फंक्शन बोलावेपर्यंत दोन्ही फाईली पूर्ण झालेल्या असतात, म्हणून चालतं. आज रात्री काकांना डेमो दाखवायचा असेल तर खुशाल ठेव, पण गाठ तशीच आहे.

जावाचं म्हणशील तर कंपायलर दोन्ही फाईली एकत्र घेऊन नावं जुळवतो, म्हणून तक्रार करत नाही. त्याचा अर्थ तिथं सगळं आलबेल असतं असा नाही, एक क्लास एकटा टेस्ट करायला गेलं की दुसरा मागोमाग येतोच. जावातल्या स्प्रिंग बूट या फ्रेमवर्कने तर 2021 मध्ये 2.6 आवृत्तीपासून बीन्समधली, म्हणजे ते स्वतः बनवून जोडून देतं त्या ऑब्जेक्ट्समधली, अशी गोल साखळी डिफॉल्ट बंदच करून टाकली, आणि गो भाषेत दोन पॅकेजेस एकमेकांना इम्पोर्ट करत असतील तर कंपाईलच होत नाही. तेव्हा चूक पायथनची नाही, कामाच्या वाटणीची आहे.

आता खरं काम. तुझ्या शेतकरी क्लासमध्ये पट्टी नेमकी कुठं लागते ते शोध. माझा अंदाज, एकूण येणं काढणाऱ्या मेथडमध्ये, जी सगळ्या पट्ट्या उघडून रक्कम, हमाली, तोलाई, उचल यांची बेरीज-वजाबाकी करते. पण काकांच्या दुकानात ही बेरीज शेतकरी करतो का? मुनीम करतो, वहीत बघून. मग ती मेथड तिथून उचल आणि खातेवही नावाचा तिसरा क्लास तिसऱ्या फाईलमध्ये काढून त्यात टाक. खातेवही शेतकऱ्यालाही ओळखते आणि पट्टीलाही, पट्टी फक्त शेतकऱ्याला ओळखते, आणि शेतकऱ्याला नाव, गाव, फोन, खाते नंबर याच्यापलीकडे कोणाचीच गरज उरत नाही. बाण सगळे एकाच दिशेने झाले. उद्या काका म्हणाले पट्टीत क्रेटचं भाडं वेगळं दाखव, तर शेतकऱ्याच्या फाईलला हातही लावावा लागणार नाही, आणि मला तर यातला खरा फायदा हाच वाटतो, एरर जाणं दुय्यम.

प्रत्येक गाठ अशी सोडवायलाच पाहिजे असंही नाही हं. पट्टी आणि पट्टीतली ओळ, म्हणजे नग, वजन, भाव, हे दोन क्लास एकमेकांशिवाय निरर्थक आहेत, ते सरळ एकाच फाईलमध्ये ठेव.

एवढं करूनही नुसत्या टाइप हिंटसाठी, म्हणजे कुठली गोष्ट कुठल्या क्लासची हे लिहून ठेवण्यासाठी, एखादं उलटं इम्पोर्ट उरलं, तर टायपिंग मॉड्यूलमधलं टाइप-चेकिंग वापर, इम्पोर्ट त्याच्या इफमध्ये टाक आणि हिंटमधलं क्लासचं नाव अवतरणात लिही, प्रोग्राम चालताना ती ओळ पायथन चालवतच नाही.