मोकळी जागा सोड, आणि सोडलीस की सोडू नकोस

तुझ्या गोदामाचा आराखडा काल रात्री उघडला आणि आज सकाळी पुन्हा पाहिला. डॉकच्या, म्हणजे गाड्या भरायच्या-उतरवायच्या धक्क्याच्या, आतल्या बाजूला तू मोकळी ठेवलेली पट्टी, तिच्यावर साहेबांनी लाल पेनाने मारलेली फुली आणि समासात शेरा : "इथे रॅकची आणखी एक रांग बसते." त्याखाली तुझा प्रश्न : "माझंच चुकतंय का? ही जागा खरंच वाया जातेय?"

नाही गं, जात नाही. हे एका ओळीत लिहून थांबता आलं असतं, पण तुझ्या मेलमधल्या शेवटच्या वाक्याने मला झोप लागू दिली नाही. "बघू, जमवून घेऊ," असं तू लिहिलं आहेस. जमवून कोण घेणार? तू नाही घेणार. रॅकमधून ऑर्डरीचा माल काढणारा रात्रपाळीचा पिकर घेणार, हातात स्कॅनर आणि समोर वाट अडवून बसलेलं पॅलेट, म्हणजे फळीवर रचलेला माल, असताना.

रॅकचे प्रकार, खपानुसार मालाचे गट पाडणारं एबीसी वर्गीकरण, जास्त खपाचा माल कंबर ते खांदा या उंचीत ठेवणं, हे सगळं तुला येतं. त्यावर मी बोलत नाही. माझं सांगणं एकच आहे : मोकळी जागा सोडायची, आणि एकदा सोडली की कुणीही मागितली तरी ती सोडायची नाही.

तुझे साहेब गोदामाकडे कोठार म्हणून बघतात. कोठारात रिकामा कोपरा डोळ्यांत खुपतो, हे मी समजू शकते. पण तुझ्या गोदामातून दिवसाला १२,००० ऑर्डरी बाहेर पडायच्या आहेत. वीस तास काम धरलंस, म्हणजे तासाला ६००. पिकिंग सुरू झाल्यापासून गाडीत चढेपर्यंत एक ऑर्डर सरासरी चार तास आत असते, हा आकडाही तुझाच. आता जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम लाव. येण्याचा दर गुणिले आत राहण्याचा वेळ. ६०० गुणिले ४, झाले २,४००. म्हणजे सरासरीने कुठल्याही क्षणी २,४०० ऑर्डरी रॅकमधून निघालेल्या आहेत आणि गाडीत चढलेल्या नाहीत. त्या ट्रॉलीवर आहेत, पॅकिंग टेबलाशेजारी आहेत, डॉकसमोर आहेत. ६०० बाय ४०० मिलिमीटरच्या क्रेटमध्ये एकेक ऑर्डर धर, तीन-तीन क्रेट एकावर एक रच. तरी ८०० थप्प्या होतात आणि त्यांना १९२ चौरस मीटर जागा लागते, त्यांच्यामधून माणसाला चालायची वाट न धरता. आता फुली मारलेली ती पट्टी मोज. आणि संध्याकाळी गाड्या तासभर उशिरा आल्या तर आणखी ६०० ऑर्डरी तिथेच येऊन थांबणार, हेही त्या आकड्याशेजारी लिही.

हा हिशोब मी तुझ्या वयाची असताना केला नव्हता. माझ्याकडेही अशीच एक पट्टी होती, डॉकला लागून. बैठकीत मला विचारलं गेलं, "ही रिकामी का?" मी म्हणाले, "कामाला सुटसुटीत पडते." सुटसुटीत! आकड्यांच्या बैठकीत मी सुटसुटीत हा शब्द घेऊन गेले. दहा मिनिटांत तिथे रॅक आले आणि आराखड्यावर मी सही केली.

पहिल्या मोठ्या सेलच्या आठवड्यात लोकेशनं, म्हणजे रॅकमधले नंबर दिलेले कप्पे, जवळजवळ शंभर टक्के भरली. एक प्रसंग अजून डोळ्यांसमोर आहे. हॅन्ड पॅलेट ट्रकवर पॅलेट घेऊन एक माणूस रॅकमधल्या गल्लीच्या तोंडाशी उभा. स्कॅनर सांगतोय लोकेशन रिकामं आहे, आणि समोर त्याच लोकेशनवर आधीच्या मालाचं अर्धं पॅलेट. तो दुसऱ्या गल्लीत गेला, तिथेही तेच. तिसऱ्यानंतर त्याने पॅलेट गल्लीतच टेकवलं आणि पुढच्या गाडीकडे धावला, कारण डॉकवर चालक ओरडत होता. त्या पॅलेटची नोंद कुठेच झाली नाही. दोन तासांनी पिकरला तो माल सापडेना, त्याने "माल नाही" दाबलं आणि ऑर्डर रद्द झाली. माल त्याच्यापासून दहा पावलांवर होता. असं एकदा नाही, आठवडाभर होत राहिलं. पुढे तेच रॅक रिकामे करून, बोल्ट काढून उतरवावे लागले. सही माझी होती, ते मी नाकारत नाही. पण मला कुणी हिशोब मागितला नाही आणि मी तो दिला नाही. त्या बैठकीत आवाज कसा चढवायचा, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. तेव्हापासून मी हट्टी झाले. एक काम या हट्टापायी हातचं गेलं, त्याचं मला वाईट वाटतं, पण तो आराखडा मी आजही तसाच काढीन.

तू म्हणशील, मोकळ्या जागेने पिकरचं चालणं वाढतं. पिकिंगचा निम्म्याच्या आसपास वेळ चालण्यात जातो, हे तुला शिकवलेलं आहे. खरं आहे. पण गल्ली एक मीटरची ठेवलीस आणि ट्रॉल्या साठ सेंटिमीटर रुंद असल्या, तर समोरासमोर आलेल्या दोघांपैकी एकाला मागे जावं लागतं. ते मागे जाणं तुझ्या चालण्याच्या हिशोबात कुठे आहे? नाहीये. म्हणून कागदावर अरुंद गल्ली नेहमी जिंकते.

पॅकिंगच्या टेबलांचंही असंच. सगळ्यात साधी रांग घे : एक टेबल, कामं आपल्या लहरीने येणारी, आणि प्रत्येकाला लागणारा वेळही तसाच लहरी. टेबल ८० टक्के वेळ गुंतलेलं असेल तर प्रत्येक काम स्वतःला लागणाऱ्या वेळाच्या सरासरी चौपट रांगेत थांबतं. ९० टक्क्यांना नऊपट. ९५ टक्क्यांना एकोणीसपट. आणि थांबलेली प्रत्येक ऑर्डर जमिनीवर जागा खाते. टेबलाचा वेळ पुरेपूर वापरला म्हणून खूश होणारा माणूस त्याची किंमत चौरस मीटरमध्ये मोजत असतो. म्हणून पुन्हा सांगते, मोकळी जागा सोड.

साहेब तुला वेबव्हॅन या ऑनलाइन किराणा विकणाऱ्या अमेरिकी कंपनीची आठवण करून देतील. देऊ देत. त्या कंपनीने मागणी येण्याआधीच प्रचंड स्वयंचलित गोदामं उभारली आणि जुलै २००१ मध्ये ती बंद पडली. पण तिथे न आलेल्या ऑर्डरींसाठी यंत्रं बसवली होती. तू जागा मागते आहेस ती रोज येणाऱ्या ऑर्डरींना. त्याच वेबव्हॅनमध्ये काम केलेल्या मिक माउंट्झ यांनी २००३ मध्ये किवा सिस्टिम्स सुरू केली. त्यांच्या पद्धतीच्या गोदामात रोबो मालाचं शेल्फच उचलून माणसापुढे आणतो. ॲमेझॉनने ती कंपनी २०१२ मध्ये ७७.५ कोटी डॉलरना घेतली. त्या मांडणीतही सगळी घरं शेल्फांनी भरली तर आतलं शेल्फ बाहेर येत नाही. रोबो असला तरी त्याला वाट लागतेच. लहानपणी पंधरा सोंगट्यांचं सरकवायचं कोडं खेळली असशील. त्यात सोळावं घर रिकामं असतं म्हणून सोंगट्या हलतात. त्या घरात सोळावी सोंगटी बसव आणि एक तरी सरकवून दाखव. साहेबांना हे कोडं टेबलावर ठेवून दाखवायला मी मागेपुढे पाहणार नाही.

आग लागली की छतावरून पाणी फवारणाऱ्या स्प्रिंकलरखालच्या जागेला मात्र कुणाला हात लावू देऊ नकोस, तिथे चर्चाच नाही. अमेरिकेतल्या एनएफपीए १३ या स्प्रिंकलरविषयीच्या मानकात साध्या स्प्रिंकलरखाली १८ इंच मोकळे ठेवायला सांगितले आहेत, आग सुरुवातीलाच दाबणाऱ्या इएसएफआर प्रकाराखाली ३६. तिथे खोकं गेलं तर पाणी पसरत नाही. रॅकच्या दोन पाठींमधल्या फटीचंही तसंच. तिथूनच पाणी खालच्या मालापर्यंत पोचतं.

सोमवारच्या बैठकीत "सुटसुटीत" हा शब्द तोंडातून निघता कामा नये. २,४०० म्हण, १९२ म्हण, आणि पट्टीचं माप शेजारी ठेव. तरीही त्यांनी रॅक घातलेच, तर किती टक्के लोकेशनं भरल्यावर इनवर्ड, म्हणजे नवा माल आत घेणं, थांबवायचं, हे लेखी घे. मी ८५ च्या वर जाऊ देत नाही. ते ९० म्हणतील. वाद घाल.

आणि एक. तुझ्या आराखड्यात परत आलेल्या मालाचा कोपरा मला दिसला नाही. तपासायचं टेबल कुठे, पुन्हा विकण्याजोगा माल कुठे, फुटका कुठे? त्यांना जागा काढ आणि नवा आराखडा रविवारपर्यंत पाठव.