उपचार संपले, धास्ती संपेना

प्रश्न : ताई, माझं वय ४७. गेल्या वर्षी स्तनाच्या कॅन्सरचं निदान झालं. ऑपरेशन, केमो, रेडिएशन सगळं पार पडलं. आता आजार उलटू नये म्हणून टॅमॉक्सिफेनची गोळी आणि दर काही महिन्यांनी तपासणी, एवढंच उरलंय. घरचे म्हणतात, सुटलीस, आता विसरून जा. मला ते जमत नाही. रोज आंघोळीच्या वेळी काख चाचपून बघते, इतकी की तिथली कातडी हुळहुळी झाली आहे. तपासणीची तारीख जवळ आली की झोप उडते, मुलांवर उगाच खेकसते. नणंद म्हणते, “ताण घेऊ नकोस, ताणानेच हा रोग होतो, परत उलटेल.” ते ऐकून आणखीच धडधडतं. डॉक्टरांनी ग्रुप थेरपी सुचवली आहे, म्हणजे याच आजारातून गेलेल्या बायकांनी गटात बसून बोलायचं. भाच्याने एक लेख पाठवला, त्यात लिहिलंय की अशा गटात जाणाऱ्या बायका जास्त जगतात. यांचं म्हणणं उलट : “दुसऱ्यांची दुखणी ऐकून तू आणखी खचशील.” आणि मला तर चारचौघींसमोर रडायचीच लाज वाटते. जाऊ का? पहिल्या दिवशी यांना बरोबर नेऊ का?

उत्तर : आधी नणंदेचं बोलणं निकालात काढू या. तुमच्या मानेवरचं निम्मं ओझं त्याचंच आहे असं मला पत्र वाचताना वाटलं. ताणामुळे स्तनाचा कॅन्सर होतो किंवा उलटतो, हे सिद्ध झालेलं नाही. २०१३ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये युरोपातल्या सुमारे १ लाख १६ हजार नोकरदारांचा अभ्यास आला होता. कामाचा ताण आणि स्तनाचा कॅन्सर यांचं नातं त्यात सापडलं नाही. नोकरीचा ताण म्हणजे काही सगळा ताण नव्हे, ही शंका तुमच्या मनात येईलच. पण त्याच नियतकालिकात २००२ साली स्तनाच्या कॅन्सरमधून गेलेल्या बायकांचाही अभ्यास छापून आला होता. निदानानंतर आयुष्यात मोठे आघात सोसलेल्यांमध्ये आजार उलटण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. ताणाने माणसाची झोप जाते, व्यायाम सुटतो, गोळ्या चुकतात, त्याचं नुकसान खरं आहे. पण रात्री दोन वाजता घाबरून उठलात म्हणून शरीरात गाठ तयार होत नाही. नणंदबाई मायेनेच बोलत असतील, तरी पुढच्या वेळी त्यांना सांगा, “डॉक्टरांनी सांगितलंय, तसं काही नसतं.” वाद घालत बसू नका, विषय बदला.

आता भाच्याचा लेख. त्याने पाठवलेलं खोटं नाही, पण अर्धवट आहे. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे मानसोपचारतज्ज्ञ डेव्हिड स्पीगल यांनी १९८९ साली एक निबंध प्रसिद्ध केला. कॅन्सर शरीरात इतरत्र पसरलेल्या ८६ बायकांपैकी काहींना वर्षभर दर आठवड्याला गटात बसवलं होतं. त्या सरासरी सुमारे ३७ महिने जगल्या, गटात नसलेल्या सुमारे १९. जगभर त्याची चर्चा झाली आणि अजूनही तोच आकडा फिरत असतो. पुढचं मात्र फारसं कुणी पाठवत नाही. कॅनडात २३५ बायकांवर तसाच प्रयोग झाला, २००१ साली निकाल आला, आयुष्य वाढलेलं दिसलं नाही. खुद्द स्पीगल यांनी पुन्हा करून पाहिलं, २००७ मध्ये निकाल आला, एकूण गटाचं आयुष्य वाढलेलं त्यातही दिसलं नाही. स्वतःच्या गाजलेल्या निष्कर्षाविरुद्धचा निकाल त्यांनी छापला, याबद्दल मला त्या माणसाचं कौतुक वाटतं.

कदाचित गटात बसल्याने टेलोमिअर टिकतात अशीही बातमी तुमच्याकडे येईल, म्हणून आधीच सांगते. गुणसूत्रांच्या टोकांना संरक्षक टोपण असतं, ते टेलोमिअर. पेशी विभागत जातात तसं ते झिजतं. कॅनडातल्या कॅलगरीच्या संशोधक लिंडा कार्लसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपचार संपलेल्या पण मनाने त्रस्त असलेल्या ८८ बायकांना तपासलं. काहींनी ध्यान आणि सौम्य योगाचा ८ आठवड्यांचा वर्ग केला, काही १२ आठवडे गटात बोलत राहिल्या, काहींना फक्त एका दिवसाचं शिबिर मिळालं. पहिल्या दोन्ही गटांत टेलोमिअरची लांबी टिकली, शिबिरवाल्यांची किंचित घटली. निष्कर्ष मोलाचा आहे, पण बायका मोजक्या, काळ काही महिन्यांचा, आणि त्यामुळे आजार उलटायचा टळला असं कुणीही दाखवलेलं नाही.

हे सगळं एवढं लांबवलं त्याला कारण आहे. आयुष्य वाढवायला म्हणून गटात गेलात, तर तोही एक उपचार होऊन बसेल. एखादा आठवडा चुकला की वाटेल, गेले आता. मग नणंदेची भीती आणि भाच्याची आशा, दोन्ही एकाच खुंटीला टांगल्यासारखी होतील : सगळं माझ्या मनाच्या ताकदीवर आहे. तसं ते नाही. आजारासाठी तुमची गोळी आहे, तपासण्या आहेत, डॉक्टर आहेत.

तरीही जा. कॅनडातल्या त्या २३५ बायकांमध्ये आयुष्य वाढलं नाही, पण मनःस्थिती सुधारली आणि वेदनेचा त्रास कमी जाणवला, तेही सुरुवातीला ज्या जास्त खचलेल्या होत्या त्यांना. तुमचं पत्र वाचून तुम्ही त्यांच्यातल्याच वाटता. शांत झोप लागणं, मुलांवर न खेकसणं, तपासणीच्या आधीचे पंधरा दिवस जगता येणं, जायला एवढी कारणं पुरेशी आहेत.

यजमानांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ व्हिकी हेल्गेसन आणि सहकाऱ्यांनी ३१२ बायकांवर केलेल्या अभ्यासात असं दिसलं की माहिती देणाऱ्या गटांचा फायदा झाला, पण नुसत्या आपसात बोलण्याच्या गटांचा सरसकट झाला नाही. घरी मोकळेपणी बोलता येत नव्हतं त्यांना बोलण्याचा गट उपयोगी पडला. ज्यांना घरून भरपूर आधार होता, त्यातल्या काहींना उलट जडच गेला. आता तुम्हीच बघा, तुम्ही कुठल्या बाजूला बसता. घरच्यांची माया आहे, ते दिसतंय. पण “मला भीती वाटते” म्हटलं की घरात कुणी ना कुणी “तसलं बोलू नकोस” म्हणतंच, असा माझा अंदाज. माया असूनही बोलायला जागा नाही, हे घराघरांत होतं.

म्हणून कुठल्याही गटात जाऊन बसू नका. आधी फोन करून विचारा, गट चालवतं कोण? कॅन्सरच्या रुग्णांबरोबर काम केलेला प्रशिक्षित समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ हवा. उपचार संपलेल्या आणि आजार पसरलेल्या बायका एकत्र असतात का? वेगळे गट असतील तर तुमच्यासाठी तेच बरं. आजार पसरलेल्यांच्या काळज्या वेगळ्या असतात, आणि दर आठवड्याला तुम्ही त्यांच्यात स्वतःचं भविष्य वाचत बसाल. एखादीचा आजार उलटला तर त्या दिवशी गटात काय करता, हेही विचारा. नीट चालवणाऱ्याकडे याचं उत्तर तयार असतं. आणि तिथलं बोलणं बाहेर जाणार नाही, हा नियम पहिल्याच दिवशी सांगितला जातो का?

साधारण आठ-दहा जणी, तास-दीड तास, गोलात खुर्च्या. पहिल्या दिवशी नाव सांगून गप्प बसलात तरी चालतं. रडण्याचं म्हणाल तर तिथे रडणारीकडे कुणी टक लावून बघत नाही. बहुधा टिशूचा डबा सरकवला जातो आणि बोलणं पुढे चालू राहतं. एखादी सांगते, “मी अजून आरशाकडे पाठ करून कपडे बदलते.” दुसरी म्हणते, “मी न्हाणीघरातला दिवाच लावत नाही.” कुणी म्हणत नाही, ‘अगं, जीव वाचला हे काय कमी आहे?’ हे वाक्य ऐकून ऐकून तुमचेही कान किटले असतील. चार-पाच वेळा जाऊन बघा. दरवेळी घरी येताना जास्तच बुडल्यासारखं वाटलं, तर सोडा आणि एकटीने समुपदेशन घ्या. गट न मानवणं हा काही अपराध नाही.

काखेचं मात्र गटासाठी थांबवू नका. ऑपरेशनमध्ये काखेतल्या लसिकाग्रंथी काढल्या असतील तर मुंग्या, बधिरपणा, ओढ लागल्यासारखं वाटणं बरेच महिने राहू शकतं. त्यावर रोज दाबून बघितलं की दुखतं, दुखलं की भीती वाटते, भीती वाटली की पुन्हा हात जातो. डॉक्टरांना विचारा, कधी आणि कसं तपासायचं. ते सांगतील त्या दिवशी तपासा, मधल्या दिवसांत नाही. सुरुवातीला हात आपोआप जाईल, तेव्हा साबण दुसऱ्या हातात घ्या, हसू नका, याने फरक पडतो. अर्थात नवी गाठ लागली, हात सुजला, हाडात दुखणं आठवड्यांमागून आठवडे राहिलं, तर गटात बोलायची वाट न बघता डॉक्टरकडे जायचं.

आणखी एक. तुमची झोप उडण्यात टॅमॉक्सिफेनचाही हात असू शकतो. अंगातून गरम वाफा येणं, रात्री घामाने उठणं हे त्या गोळीने होतं, मन उतरल्यासारखं वाटणंही काहींना होतं. गोळी स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. कुणी नैराश्यावरचं औषध लिहून दिलं तर टॅमॉक्सिफेन चालू आहे हे आवर्जून सांगा, कारण पॅरोक्सेटिन आणि फ्लुओक्सेटिनसारखी काही औषधं टॅमॉक्सिफेनचं शरीरातलं काम कमी करू शकतात. पर्याय असतात. आणि दिवसचे दिवस अंथरुणातून उठावंसं वाटत नसेल, जगणं नको वाटत असेल, तर गटाआधी मानसोपचारतज्ज्ञ, तेही याच आठवड्यात.

यजमानांना बरोबर न्यायचं का, तर दारापर्यंत न्या, आत नको. ते समोर बसले तर तुम्ही त्यांना सोसवेल तेवढंच बोलाल, म्हणजे घरी बोलता तेवढंच. नातेवाइकांसाठी वेगळी बैठक असते का ते मात्र विचारा. “तू खचशील” म्हणणारा माणूस स्वतः किती खचलाय, हे त्यांनाही कुणी अजून विचारलेलं नसेल.