दाढ दुखायची थांबली, मग उपचार कशाला?

दातांविषयी आलेल्या पत्रांतून या वेळी सहा निवडली आहेत. जागेअभावी पत्रे थोडी संक्षिप्त केली असून, पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे दिलेली नाहीत.

प्रश्न : माझे वय ४६ आहे. खालची उजवी दाढ दोन आठवडे इतकी ठणकत होती की रात्री उठून बसावे लागे. गार पाण्याची चूळ तोंडात धरली की तेवढ्यापुरते बरे वाटे. औषधाच्या दुकानातून गोळ्या आणून घेतल्या आणि पाचव्या दिवशी दुखणे पूर्ण थांबले. तरीही दंतवैद्य रूट कॅनाल करून कॅप बसवायला सांगतात. दुखत नसताना हा खर्च करावा का?
(एक शिक्षक, सातारा जिल्हा)

उत्तर : आपल्या पत्रातले गार पाण्याचे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटले. दाताच्या अगदी आत मऊ गाभा असतो आणि त्यात रक्तवाहिन्या व नसा असतात. कीड तिथवर पोहोचली की गाभा सुजतो, परंतु चारही बाजूंनी कठीण भिंती असल्यामुळे सुजेला पसरायला जागा मिळत नाही आणि आतला दाब वाढून ठणका लागतो. सुरुवातीला गार लागताच सणक जाते. पुढे गाभा मरू लागला की गरम चहाने कळ वाढते आणि गाराने उलट आराम पडतो. आपली दाढ त्या टप्प्यावर होती असे दिसते. त्यानंतर दुखणे थांबले ते गोळ्यांमुळे दाढ बरी झाली म्हणून नव्हे. कळ पोहोचवणारी नसच आत मेली असावी.

मेलेल्या गाभ्यातले जंतू मात्र जिवंत असतात. ते मुळाच्या टोकातून जबड्याच्या हाडात उतरतात आणि तिथे काही महिने, कधी काही वर्षेही, गाजावाजा न करता हाड पोखरत राहतात. दाताच्या आतला रक्तपुरवठा संपलेला असल्यामुळे प्रतिजैविकाच्या गोळ्या तिथे पोहोचत नाहीत. म्हणून नुसत्या गोळ्यांवर हे काम भागत नाही. तपासणीत व एक्स-रेमध्ये गाभा गेल्याचे दिसत असेल, तर रूट कॅनाल करून, म्हणजे मेलेला गाभा काढून आतली पोकळी साफ करून व भरून, दाढ वाचवणे किंवा ती काढून टाकणे हे दोनच मार्ग उरतात. रूट कॅनाल केलेली दाढ किडीमुळे आणि पोखरण्यामुळे आधीच पोकळ झालेली असते व चावताना तिला तडा जाऊ शकतो, यासाठी कॅप सांगतात. खर्चाची अडचण असल्यास मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत हेच उपचार बऱ्याच कमी पैशांत होतात. फेऱ्या अधिक माराव्या लागतात, एवढेच. मधल्या काळात जबड्याखाली सूज आली, तोंड उघडेना, गिळायला त्रास होऊ लागला किंवा ताप आला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

प्रश्न : वय ५२, सात वर्षांपासून मधुमेह. दात घासताना हिरड्यांतून रक्त येते, म्हणून त्या बाजूला ब्रश लावणे मी सोडून दिले आहे. डॉक्टर स्केलिंग (दातांची सफाई) करायला सांगतात, पण आमच्या जाऊबाईंचे दात स्केलिंगनंतरच हलू लागले. करावे की नाही?
(एक गृहिणी, सोलापूर)

उत्तर : रक्त येते म्हणून तिथे ब्रश न लावणे ही अगदी स्वाभाविक, पण नेमकी उलटी प्रतिक्रिया आहे. दाताच्या मुळाशी साचलेल्या जंतूंच्या चिकट थरामुळे हिरडी सुजते आणि सुजलेल्या हिरडीतून थोड्याशा स्पर्शानेही रक्त येते. आपण ती जागा सोडली की थर वाढतो, सूज वाढते आणि रक्तही वाढते. मऊ ब्रशने तीच जागा हळुवारपणे, पण न चुकता घासू लागल्यास आणि हिरडीखाली कीटण नसल्यास आठ-दहा दिवसांत रक्त कमी झालेले दिसावे. कीटण असेल, तर घरच्या घासण्याने ते निघत नाही, कारण लाळेतील क्षार बसून तो थर दगडासारखा झालेला असतो. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूवरून जीभ फिरवून पाहा. लाळेच्या ग्रंथींची तोंडे तिथेच उघडत असल्याने कीटणाचा खरखरीतपणा सर्वांत आधी तिथे जाणवतो.

जाऊबाईंच्या दातांविषयी त्यांना न तपासता ठामपणे बोलणे योग्य नाही, परंतु ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे की तिच्यामागचे कारण सांगता येईल. हिरडीचा आजार बहुधा दुखत नाही. तो दाताला धरून ठेवणारे हाड वर्षानुवर्षे झिजवत राहतो आणि दरम्यान दातांना लागून बसलेले कीटण त्यांना एकमेकांशी लिंपून ठेवते. स्केलिंगमध्ये ते निघाले की दात मुळात किती सैल झाला होता हे त्या दिवशी कळते आणि दोष स्केलिंगच्या माथी येतो. त्यानंतर काही दिवस दात सळसळतात आणि सूज ओसरल्यामुळे दातांत फटी दिसू लागतात, हेही खरे आहे. त्याची कल्पना आधी द्यायला आम्हा डॉक्टरांनाच वेळ नसतो, हा आमचा दोष मी मान्य करते.

आपल्याबाबतीत हा उपचार टाळण्याला मुळीच जागा नाही. रक्तातील साखर अनियंत्रित असली की हिरड्यांचा आजार झपाट्याने वाढतो आणि हिरड्यांत सतत सूज असली की साखर आटोक्यात ठेवणे अवघड होते, असे हे दुतर्फा नाते आहे. दंतवैद्याकडे जाताना साखरेचे ताजे अहवाल आणि चालू गोळ्यांची यादी सोबत न्या. रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू असेल, तर ती स्वतःच्या मनाने बंद करू नका. रक्तदाबासाठी अम्लोडिपिन घेत असाल तर तेही सांगा, कारण त्या औषधाने काहींच्या हिरड्या फुगतात.

प्रश्न : वरची दाढ काढल्यास डोळ्यांची नजर कमी होते, हे खरे का?
(एक वाचक, जळगाव)

उत्तर : नाही. वरच्या दाताला संवेदना पुरवणारी नस आणि दृष्टीची नस या पूर्णपणे वेगळ्या आहेत. दाढ काढण्याचे वय आणि चष्मा लागण्याचे वय बहुधा एकच असते, म्हणून हा समज टिकून आहे.

प्रश्न : वय ३४. थंड पाणी आणि आंबट काहीही खाल्ले की डावीकडचे सुळ्यामागचे दात सळसळतात. मी दातांची फार काळजी घेते, कडक ब्रशने दोन्ही वेळा जोर लावून घासते. सकाळी कोमट पाण्यात लिंबू पिळून घेते व लगेच दात घासते.
(एक वाचक, पुणे)

उत्तर : उजव्या हाताने घासणाऱ्यांचा जोर बहुधा डाव्या सुळ्याच्या आसपास अधिक पडतो. तिथे हिरडी मागे सरकून मूळ उघडे पडते आणि हिरडीलगत दाताला खाच पडते. एनॅमल हे दाताचे कवच शरीरातील सर्वांत कठीण असले, तरी एकदा झिजले की पुन्हा तयार होत नाही. त्यात लिंबाच्या आम्लाने ते काही काळ मऊ पडते, आणि नेमक्या त्याच वेळी आपण कडक ब्रश चालवता. लिंबूपाणी सोडवत नसेल तर त्यानंतर साध्या पाण्याने खळखळून चूळ भरावी आणि निदान अर्धा तास ब्रश हातात घेऊ नये. जेवल्यावर चूळ भरण्याची आपली जुनी रीत हॉटेलांच्या सवयीत मागे पडली, त्याचे मला वाईट वाटते.

ब्रश मऊ घ्यावा, तो हिरडीच्या कडेला तिरका टेकवून लहान लहान हालचाली कराव्यात. फ्लोराइडयुक्त पेस्टने घासल्यावर फेस थुंकावा. लगेच भरपूर पाण्याने चुळा भरल्या की फ्लोराइड धुऊन जाते. पोटॅशियम नायट्रेट असलेल्या पेस्टचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, त्यामुळे चार दिवसांत ती बदलू नये. खाच खोल असेल तर ती भरून घ्यावी लागेल. आणि दोन घासण्यांपैकी एक कधी चुकलेच, तर ते रात्रीचे नसावे, कारण झोपेत लाळ फार कमी होते आणि दातांचे नैसर्गिक संरक्षणही तेवढेच घटते.

प्रश्न : लहानपणापासून माझ्या आणि भावंडांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे आहेत. गावात बोअरवेलचे पाणी. मीठ, कोळसा, सोडा सगळे लावून झाले. लग्न ठरत आहे.
(एक तरुण, यवतमाळ जिल्हा)

उत्तर : भावंडांचेही दात तसेच असल्यामुळे हा फ्लोरोसिस असण्याची शक्यता मोठी आहे. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील काही गावांच्या भूजलात फ्लोराइड अधिक असते. दात जबड्यात तयार होत असताना, म्हणजे साधारण आठ वर्षांच्या आतील वयात, ते पाणी पोटात गेल्यास कवचाची घडणच बिघडते. डाग दाताच्या आत असल्याने घासून तो जाणार नाही. कोळशाने कवच मात्र झिजेल. डाग फिके करण्याचे आणि त्यांवर दातासारख्या रंगाचा थर बसवण्याचे उपचार उपलब्ध आहेत. त्याहून तातडीची गोष्ट म्हणजे घरातील लहान मुलांचे पाणी. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात प्रतिलिटर १ मिलिग्रॅम, आणि दुसरा स्रोतच नसेल तर फार तर १.५ मिलिग्रॅम, फ्लोराइड चालते. ग्रामपंचायतीमार्फत पाणी तपासून घ्यावे. पाणी उकळल्याने फ्लोराइड जात नाही. पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण उलट वाढते.

प्रश्न : आई ६० वर्षांची आहे, तीस वर्षे मशेरी लावते. लावली नाही तर दात दुखतात, असे म्हणते. गालाच्या आत पांढरा चट्टा आहे, पण तो दुखत नाही म्हणून ती दाखवायला तयार नाही.
(एक मुलगी, सांगली जिल्हा)

उत्तर : मशेरी ही भाजलेली तंबाखूच आहे. ती सुटली की होणारा त्रास बराचसा निकोटिनच्या सवयीचा असतो, आणि पुन्हा लावताच आराम पडत असल्यामुळे ती दातांचे औषध आहे असा समज पक्का होतो. आईंच्या सवयीवर वाद घालण्यात आज वेळ घालवू नका. तो विषय नंतर प्रेमाने काढता येईल. चट्टा मात्र याच आठवड्यात दाखवा. तंबाखू वापरणाऱ्यांच्या तोंडात आलेला, पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, तसेच दोन आठवड्यांत न भरणारी जखम, कर्करोगाची पूर्वावस्था किंवा सुरुवात असू शकते, आणि या टप्प्यावर ती बहुधा दुखतच नाही. जवळच्या दंतवैद्याने चट्ट्याचा लहानसा तुकडा काढून तपासायला सांगितल्यास घाबरून जाऊ नये आणि पुढेही ढकलू नये. आईंना स्वतःच्या हाताची तीन बोटे एकावर एक ठेवून तोंडात घालून पाहायला सांगा. ती जात नसतील, तर तोंड पुरेसे उघडत नाही, हेही डॉक्टरांना आवर्जून सांगावे.